बांधावरची काडी, शेजाऱ्याचा ऊस : शेतातली आग लागण्याआधी काय करायचं?

धाराशिव : संक्रांत सरली की आपल्या शिवाराचा रंग बदलतो. बांधावरचं गवत पिवळं पडतं, उसाचं पाचट खडखडीत वाळतं, ज्वारी निघून कडब्याच्या वळया उभ्या राहतात. आणि मग मोबाईलवर एकेक बातमी यायला लागते. कुठं तीन एकर ऊस जळाला, कुठं कडब्याची गंज खाक झाली, कुठं गोठ्यातली जनावरं दावणीलाच होरपळली. बातमीचा शेवटही ठरलेला असतो, 'आगीचं नेमकं कारण समजू शकलं नाही.' दोन दिवस गाव हळहळतं, मग विषय संपतो.

पण शेतातली आग काही गारपिटीसारखी नसते. वीज पडून लागलेली आग सोडली तर बाकीच्या आगींना जागा असते, वेळ असते आणि कारणही असतं. खरं सांगायचं तर आपल्या शेतात आग कुठून येऊ शकते हे बहुतेकांना आधीच माहीत असतं. ती लोंबणारी तार, तो गवतात बुडालेला डीपी, तो दरवर्षी बांध पेटवणारा शेजारी. माहीत असतं, पण 'बघू उद्या' म्हणून राहून जातं. हा लेख त्या 'उद्या'साठी आहे.

गाडी येईपर्यंत काय उरतं?

आग लागली की पहिला फोन अग्निशमन गाडीला जातो. जायलाच पाहिजे. पण जरा हिशेब करून बघा.

जिल्ह्यात अग्निशमन गाड्या असतात त्या मुख्यतः नगरपरिषदांकडं, म्हणजे शहराच्या ठिकाणी. काही साखर कारखान्यांकडंही असतात. तुमचं गाव तिथून २५ किलोमीटरवर आहे असं धरा. रस्ता चांगला असला आणि गाडी ताशी ४० च्या वेगानं आली, तरी ३७-३८ मिनिटं लागतात. त्यात फोन लागणं, गाडी निघणं, पाणंद रस्त्यावरून आत शिरणं हे धरलेलंच नाही.

आता आगीचा वेग बघा. एक एकराचा चौकोन धरला तर त्याची एक बाजू साधारण ६४ मीटर, म्हणजे २१० फूट भरते. वाऱ्यावरची आग माणसाच्या चालण्याच्या वेगानं जरी सरकली, तरी हे अंतर ती मिनिटभरात कापते. वाळलेल्या पाचटात आणि भर दुपारच्या वाऱ्यात ती याहून जोरात पळते. चढावर तर आणखी जोरात, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात. बालाघाटाच्या डोंगरकडेला, तुळजापूर, भूम, वाशीकडं ज्यांची रानं आहेत त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलेलं असेल. खाली पेटलं की माथ्यापर्यंत जायला वेळ लागत नाही.

म्हणजे गाडी येते तेव्हा बहुतेक वेळा शेजारचं रान वाचवायला येते. आपलं रान वाचवायचं काम आग लागायच्या आधीच झालेलं असावं लागतं.

विम्याच्या भरवशावर राहू नका

पीक विमा काढलाय, मग काळजी कशाला, असं अनेकांना वाटतं. इथं नीट लक्ष द्या.

राज्यात २०२५ च्या खरिपापासून पीक विम्याचे नियम बदलले. एक रुपयात विमा बंद झाला. खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला ५ टक्के हप्ता शेतकऱ्यानं भरायचा आहे. त्याहून मोठा बदल म्हणजे भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून आलेल्या उत्पादनावर ठरते. अख्ख्या मंडळाचं उत्पन्न घटलं तर पैसे मिळतात. एकट्या तुमच्याच गट नंबरात झालेल्या नुकसानीची वेगळी भरपाई त्या बदलात वगळली गेली. साध्या भाषेत सांगायचं तर गावातलं बाकीचं पीक चांगलं आलं आणि तुमचंच जळालं, तर या विम्यातून काही हाती लागायचं नाही. ऊस तर आपल्या राज्यात या योजनेच्या पिकांत धरलेलाच नाही. आणि कापून गंजीत रचलेल्या सोयाबीनला आगीपासून संरक्षण पूर्वीही नव्हतं.

त्यामुळं शेतातल्या आगीवर खरा विमा एकच, आग लागू न देणं.

आग येते कुठून?

*१) तारा आणि डीपी*

उसाच्या आगीत सगळ्यात जास्त नाव निघतं ते तारांचं. असं का होतं?

उन्हानं तार तापते, तापली की लांबते आणि दोन खांबांमधला झोळ वाढतो. त्यात आपली काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब हळूहळू कलतात. मग वारं सुटलं की दोन तारा एकमेकींना लागतात. लागल्या की ठिणग्या पडतात, त्या सरळ खालच्या वाळक्या पाल्यावर.

नियमानं शेतातून जाणारी ११ केव्हीपर्यंतची उघडी तार जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे साधारण १५ फूट उंच असायला हवी. ऊस वाढून दहा-बारा फुटांवर जातो, त्यामुळं १५ फुटांची तारही फार लांब राहत नाही. आणि तार झोळ पडून १२-१३ फुटांवर आली असेल तर धोका डोक्यावरच आहे असं समजा.

काय करायचं : तार लोंबत असेल, दोन तारा जवळ आल्या असतील, खांब कलला असेल तर तोंडी सांगून थांबू नका. महावितरणच्या उपविभागाला लेखी अर्ज द्या. अर्जात गट नंबर, खांबाची खूण आणि सोबत फोटो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोहोच घ्या. तार ओढून घेणं, मधे एक खांब टाकणं किंवा दोन तारांमध्ये स्पेसर बसवणं ही कामं ते करू शकतात. काम झालं तर उत्तमच. नाही झालं आणि पुढं आग लागली, तर तो पोहोच घेतलेला कागद तुमचा सगळ्यात मोठा पुरावा ठरतो.

डीपीखालचं आणि मोटारीच्या पेटीभोवतीचं गवत दहा फुटांपर्यंत काढून जमीन उघडी करा. पेटीत सैल वायर, जळकं कनेक्शन ठेवू नका. डीपीच्या फ्यूजमध्ये जाड तार घालायची सवय बंद करा. फ्यूज उडायला पाहिजे तेव्हा तो उडत नाही आणि पुढं तार जळते. आणि एक गोष्ट हात जोडून, डीपीवर स्वतः चढू नका, वायरमनला बोलवा.

*२) बांध आणि पाचट पेटवणं*

'बांध पेटवला की साप-विंचू जातात, पुढच्या पावसात गवत चांगलं फुटतं.' हे आपण आजोबांपासून ऐकत आलोय. पण आजोबांच्या काळी बांधाला लागून ऊस नव्हता, ठिबकच्या नळ्या नव्हत्या, पीव्हीसी पाईप नव्हते. आज बांधावरची एक काडी शेजाऱ्याचं ठिबक, आंब्याची झाडं आणि उभा ऊस घेऊन जाते. सापाचं म्हणाल तर तो बिळात खोल जातो. मरतात ती गांडुळं आणि वरच्या थरातले जिवाणू.

बांध पेटवणारा कधी मुद्दाम शेजाऱ्याचं जाळत नाही. तो सकाळी काडी लावतो, आग विझली असं समजून जेवायला घरी जातो. बुडख्यात निखारा राहतो. दुपारी दोनला वारं सुटतं आणि तो निखारा उठतो. पुढचं सांगायला नको.

बांध साफ करायचाच असेल तर गवत कापून काढा, ग्रास कटर चालवा, जनावरांना घाला. इतकं सांगूनही पेटवणारच असाल तर निदान एवढं पाळा. फेब्रुवारीनंतर नको. दुपारी नको. वारं असताना नको. शेजाऱ्याला सांगितल्याशिवाय नको. पाण्याची टाकी आणि दोन माणसं हाताशी असल्याशिवाय नको. आणि राख हातानं गार लागेपर्यंत जागा सोडायची नाही.

*३) मळणी यंत्र आणि हार्वेस्टर*

सोयाबीन, हरभरा, गहू यांचं काड म्हणजे काडेपेटीच. ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमधून निघालेला कोळशाचा कण, फिरत्या शाफ्टला गुंडाळून घासलं जाणारं काड, गरम इंजिनावर साचलेला भुसा, यातलं काहीही पुरतं.

मळणीच्या दिवशी वाऱ्याची दिशा बघून ट्रॅक्टर असा लावा की धूर गंजीकडं जाणार नाही. सायलेन्सरच्या तोंडाला ठिणगी अडवणारी जाळी बसवून घ्या. डिझेल भरताना इंजिन बंद ठेवा. हार्वेस्टर असेल तर दर दोन तासांनी थांबून इंजिनाभोवतीचा भुसा झाडायला लावा. मालक 'उशीर होतोय' म्हणेल, तरी लावा. यंत्राजवळ पाण्याचं बॅरल आणि भरलेला फवारणी पंप असल्याशिवाय मळणी सुरूच करायची नाही. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या पट्ट्यात वारं आणि ऊन ठरलेल्या मर्यादेपलीकडं गेलं की कापणीची यंत्रं बंद ठेवतात. आपल्याकडं तसा नियम नाही, पण सोसाट्याचं वारं असताना दोन तास थांबायला कुणाची ना नाही.

*४) चूल, बिडी, फटाके आणि हेंडगा*

दिवाळी आणि सोयाबीनची रास एकाच वेळी येते. गावातून उडालेलं रॉकेट शिवारात कुठं पडतं हे पोराला कळत नाही, तुम्हाला कळायला हवं.

आपल्याकडं वेळ अमावस्येला सगळं घर रानात असतं. आंबील, भज्जी, कडब्याची कोप, आणि संध्याकाळी पेटता हेंडगा घेऊन पिकाभोवती फेरी. सण जोरात करा, तो आपल्या मातीचा सण आहे. फक्त हेंडगा उसाच्या फडाजवळून नेऊ नका. शेवटी तो उघड्या जमिनीवर ठेवून पाणी ओता. रानात पेटवलेल्या चुलीवरही निघताना पाणी आणि माती टाका. बिडी बांधावर नाही, पायाखाली मातीत विझवा.

भूम-वाशीकडं खव्याच्या भट्ट्या आहेत. भट्टीची राख उकिरड्यावर टाकताना त्यात निखारा असतो आणि उकिरडा बहुतेक वेळा गोठ्याशेजारीच असतो. राख एक दिवस खड्ड्यात पाणी मारून ठेवा, मग टाका.

*५) मुद्दाम लावलेली आग*

हे बोलायला कडू आहे, पण खरं आहे. भावकीच्या, बांधाच्या वादातून रात्रीत गंज पेटवल्याच्या तक्रारी दरवर्षी पोलीस ठाण्यात येतात. ऊसतोडीला सोपं जावं किंवा लवकर तोड मिळावी म्हणून फड पेटवायचे प्रकारही होतात. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका झाला होता की राज्यातलं गाळप जूनपर्यंत लांबलं. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात तोड मिळेना म्हणून हताश शेतकऱ्यांनी स्वतःचाच ऊस पेटवल्याच्याही बातम्या आल्या. पण पेटवलेल्या उसाचं वजन घटतं, कारखाना दरात कपात करतो आणि वारं फिरलं तर शेजाऱ्याचाही फड जातो.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणे आग हाताळली आणि त्यानं दुसऱ्याला धोका झाला, तर कलम २८७ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शेतमाल जाळण्याच्या हेतूनं आग लावली तर कलम ३२६ नुसार सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड. 'बांधच तर पेटवला होता' हे पोलिसांसमोर उत्तर होत नाही.

एकच काम करायचं असेल तर : मोकळा पट्टा

आगीला तीन गोष्टी लागतात. ठिणगी, हवा आणि वाळलेलं जळण. वारं आपल्या हातात नाही. ठिणगी पूर्ण आपल्या हातात नाही. जळण मात्र आहे. जळणाची सलगता तोडली की आग तिथं अडखळते.

उसाच्या फडाभोवती, विशेषतः बांधाकडून, रस्त्याकडून आणि तारांखालून, दहा-बारा फुटांचा पट्टा उघडा ठेवा. त्यावर गवत नको, पाचट नको, काड नको, नुसती माती. रोटाव्हेटरचे दोन फेरे मारले की होतो. फड मोठा असेल तर मधूनही असा एक पट्टा सोडा, म्हणजे एक बाजू पेटली तरी दुसरी वाचायची आशा राहते. तारांखाली शक्यतो ऊस लावूच नका, तिथं घास किंवा भाजीपाल्यासारखं हिरवं, बुटकं पीक घ्या.

हे काम जानेवारीअखेर झालं पाहिजे. ट्रॅक्टरचा तासाभराचा खर्च एकीकडं आणि वर्षभराचा ऊस दुसरीकडं. हिशेब तुम्हीच करा.

पाचट जाळू नका, कुजवा

तोडणी झाली की एक हेक्टरात साधारण ८ ते १० टन पाचट पडतं. ते पेटवणं म्हणजे पेरणीआधीच खताची पोती जाळणं. त्यात अर्धा टक्का नत्र, पालाश आणि भरपूर सेंद्रिय कर्ब असतो. आपल्या जमिनीला सगळ्यात जास्त कमी आहे ती याच कर्बाची. शिवाय खोडव्यात पाचटाचं आच्छादन असलं की ओल टिकते आणि एखादी पाळी उशिरा दिली तरी चालते. धाराशिवसारख्या कमी पाण्याच्या जिल्ह्यात हे सोन्यासारखं आहे.

पद्धत सोपी आहे. पाचट एकाआड एक सरीत दाबा किंवा कुट्टी यंत्रानं बारीक करून पसरा. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू, या हिशेबानं टाकून पाणी द्या. पाचट ओलं राहिलं आणि मातीला चिकटलं की कुजायला लागतं आणि पेटायचा धोकाही कमी होतो. कोरडं पाचट मात्र आगीला आमंत्रणच, त्यामुळं पहिलं पाणी लांबवू नका. कुट्टी यंत्रासाठी महाडीबीटीवर अर्ज करता येतो. अधिक माहितीसाठी तुळजापूरचं कृषी विज्ञान केंद्र आहेच.

गंज, वळई आणि गोठा

पाच एकरांचं सोयाबीन एकाच गंजीत म्हणजे सगळी अंडी एकाच टोपलीत. दोन-तीन गंजी करा, मधे निदान ५० फूट अंतर ठेवा. तारेखाली, डीपीजवळ, रस्त्याकडेला गंज नको. भोवतीचं गवत खरवडून काढा. मळणीला जेवढा उशीर, तेवढा धोका जास्त. त्यामुळं यंत्राचा नंबर काढणीआधीच लावून ठेवा.

कडब्याचंही तसंच. वळई गोठ्याला चिकटून नको. गोठ्याच्या माळ्यावर वैरण, खाली जनावरं आणि भिंतीपलीकडं चूल, अशी रचना अनेक वस्त्यांवर दिसते. ती आजच बदला. ओली वैरण रचू नका, आत गरम होऊन ती कुजते आणि धुमसूही शकते. दूध आणि खव्यावर चालणाऱ्या घरात कडबा गेला म्हणजे नुसती वैरण जात नाही. उन्हाळ्यात विकत घ्यायला पैसे नसतात आणि गाभण म्हैस मिळेल त्या भावानं बाजार दाखवावी लागते.

जनावरं सुटगाठीनं बांधा. एका ओढीत सुटली पाहिजेत. साखळीची कडी उन्हात आणि आगीत तापते, घाईत हात लावता येत नाही. विळा गोठ्याच्या दारातच अडकवून ठेवा.

आग लागलीच तर

- आधी माणसं आणि जनावरं बाहेर काढा. कडबा नंतर.
- तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका, पाणी मारू नका. वायरमनला किंवा १९१२ ला फोन करून लाईन बंद झाल्याची खात्री करा, मगच पुढं.
- आगीच्या समोर उभं राहू नका. जळून काळ्या झालेल्या बाजूनं किंवा कडेनं या. पाठीशी नेहमी काळं रान किंवा नांगरट ठेवा.
- पेटलेल्या उसाच्या सरीत शिरू नका, कितीही मोह झाला तरी. धुरात दिशा कळत नाही. आग विझवायला गेलेले शेतकरी वेढले जाऊन दगावल्याच्या घटना राज्यात घडल्या आहेत.
- ट्रॅक्टर आला तर तो आगीच्या बराच पुढं नेऊन रोटाव्हेटरनं पट्टा काढा. अगदी जवळ नेऊ नका.
- द्राक्षवाल्यांचा ब्लोअर म्हणजे गावची छोटी अग्निशमन गाडीच. टाकी भरलेली असली की कडेनं पाणी मारता येतं.
- लहान आग असेल तर ओलं पोतं किंवा लिंबाचा हिरवा डहाळा घेऊन झोडपा. नायलॉन, टेरिकॉटचे कपडे अंगावर नकोत.
- भाजलं तर त्या जागेवर २० मिनिटं साधं पाणी सोडा. पेस्ट, शाई, हळद, चिखल काही लावू नका. १०८ ला फोन करा.
- विझली असं वाटलं तरी रात्रभर कुणीतरी थांबा. उसाचे बुडखे आणि झाडांचे बुंधे दुसऱ्या दिवशीही पेटतात.

आगीनंतरचे दोन दिवस

डोकं सुन्न झालेलं असतं, पण कागद याच दोन दिवसांत होतात.

१. काहीही हलवण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा. तुटलेली तार, खांब, राख, सगळं.
२. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, त्यांना कळवून पंचनामा करून घ्या. पोलीस ठाण्यात नोंद करा आणि प्रत मागून घ्या.
३. विजेमुळं आग लागली असेल तर महावितरणला लेखी कळवा आणि विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयातही अर्ज द्या. हे कार्यालय महावितरणचं नाही, राज्य सरकारचं आहे. आग कशानं लागली याचा त्यांचा अहवाल भरपाईसाठी महत्त्वाचा ठरतो.
४. ऊस असेल तर त्याच दिवशी कारखान्याच्या शेतकी कार्यालयाला कळवा. जळालेल्या उसातली साखर आणि वजन दर दिवसाला घटतं, म्हणून तोड आधी मागा. मागच्या वर्षांच्या वजन पावत्या जपून ठेवा, नुकसान किती झालं हे त्यावरून दाखवता येतं.
५. सातबाऱ्यावर पिकाची नोंद असायला हवी. ई-पीक पाहणी केली नसेल तर 'पीक होतं' हे सिद्ध करतानाच दमछाक होते.
६. भरपाई नाकारली गेली तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तारांमुळं जळालेल्या उसाबाबत राज्यात शेतकऱ्यांच्या बाजूनं निकाल लागलेले आहेत. पोहोच घेतलेला जुना अर्ज इथं कामाला येतो.

आगीत शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत वारसाला २ लाख रुपयांची मदत आहे. वय १० ते ७५ वर्षं. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लगेच चौकशी करा.

एकट्याचं काम नाही

आग गट नंबर बघत नाही. तुम्ही पट्टा काढला आणि शेजाऱ्यानं नाही काढला, तर अर्धंच काम झालं. म्हणून हा विषय ग्रामसभेत घ्या. २६ जानेवारीची ग्रामसभा उसाच्या आणि कडब्याच्या हंगामासाठी अगदी वेळेवर येते, २ ऑक्टोबरची सोयाबीनच्या राशीसाठी. ठराव फार मोठा नको. मार्च ते मे बांध पेटवायचा नाही. लोंबत्या तारांची गावानं एकत्र यादी करून महावितरणला द्यायची. ब्लोअर, टँकर, रोटाव्हेटर कुणाकडं आहे त्यांचे नंबर चावडीवर आणि गावच्या ग्रुपवर लावायचे. आग दिसली की मंदिराच्या भोंग्यावरून सांगायचं. ग्राम सुरक्षा यंत्रणा चालू असलेल्या गावात तर एका फोनवर सगळ्यांना निरोप जातो.

भांडण असलेल्या शेजाऱ्याकडंही या एका कामासाठी जा. 'तुझा बांध मी साफ करून देतो, पण पेटवू नको,' एवढं म्हणायला कमीपणा वाटत असेल, तर बांधापलीकडचा उभा ऊस एकदा डोळे भरून बघा आणि मग ठरवा.

हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा

- अग्निशमन : १०१
- पोलीस व इतर आपत्कालीन मदत : ११२
- रुग्णवाहिका : १०८
- महावितरण : १९१२, १८००-२१२-३४३५, १८००-२३३-३४३५
- आणि आपल्या गावच्या वायरमनचा, ग्राम महसूल अधिकाऱ्यांचा, जवळच्या नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर. हे तीन नंबर आजच विचारून घ्या. आग लागल्यावर विचारायला वेळ नसतो.